दुसऱ्याची गाडी, तुमचा हात : ठोकली तर भरायचं कोणी?

"मेव्हण्याची गाडी दोन दिवसांसाठी मागून नेली आणि चांदणी चौकात ठोकली. पॉलिसी त्याच्या नावावर, माझं नाव त्यात कुठेच नाही. क्लेम मिळेल का?" "मित्राला गाडी दिली, त्याने एका दुचाकीस्वाराला उडवलं. आता केस माझ्यावर होणार का?" "चूक समोरच्याची होती, तरी पोलिसांनी माझाच परवाना का ठेवून घेतला?" लग्नसराई, दिवाळी आणि पावसाळी सहलींचे दिवस आले की वाचकांचे असे प्रश्न हमखास येतात. गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यावर दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, "दुसऱ्याने चालवली की क्लेम बाद." दोन, "फर्स्ट पार्टी आहे ना, मग चिंता सोडा." पहिलं साफ चुकीचं आहे आणि दुसरं अर्धवट.

थोडक्यात उत्तर

- विमा गाडीच्या मागे जातो. मालकाच्या परवानगीने, वैध परवाना असलेल्या कोणीही गाडी चालवली तरी आपल्याकडची पॉलिसी लागू राहते. पॉलिसीत चालकाचं नाव असावं लागत नाही.
- गुन्हा स्टिअरिंगवर बसलेल्याच्या मागे जातो. मालक घरी झोपलेला असेल तर निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्यावर लागत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र मालकाचं नाव येतंच.
- मागून आणलेली गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला त्या पॉलिसीत बहुधा संरक्षण नसतं. लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असलेली गोष्ट हीच आहे.

किल्ली घेण्यापूर्वी पाच गोष्टी पाहा

1. पॉलिसी कोणती आणि कधीपर्यंत? एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. तेवढ्यावर थांबू नका, मालकाकडून पॉलिसीची प्रत व्हॉट्सॲपवर मागवा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे 'ओन डॅमेज', अनेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो नूतनीकरण करायचा राहून जातो आणि मालक "विमा चालू आहे" असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

2. तुमचा परवाना जिवंत आहे का? जुन्या नियमाने काढलेल्या परवान्याची मुदत २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तिथे संपते. पूर्वी मुदतीनंतर मिळणारी ३० दिवसांची सवलत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत गेली. त्यामुळे पन्नाशीच्या वाचकांनी पाकीट उघडून तारीख बघावी. शिकाऊ परवाना असेल तर 'एल'ची पाटी आणि शेजारी परवानाधारक प्रशिक्षक हवाच. परदेशातून सुट्टीला आलेल्या भाच्याला गाडी द्यायची असेल, तर त्याच्याकडे तिथल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना असावा. नुसता तिथला परवाना दाखवून क्लेममध्ये भांडणं अवघड जातं.

3. परवानगीचा पुरावा आहे का? मालकाच्या सांगण्यावरून किंवा परवानगीने गाडी चालवणाऱ्यालाही पॉलिसीतलं थर्ड पार्टीचं संरक्षण मिळतं. "शनिवार-रविवार गाडी घेऊन जा" एवढा एक मेसेज पुरतो. मालकाला न विचारता त्याच्या मुलाकडून किल्ली घेऊ नका.

4. गाडी कशासाठी नेताय? खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने देणं, मालवाहतूक आणि शर्यत यांना लागू होत नाही. परत देताना टाकी भरून देणं वेगळं आणि दिवसाला दोन हजार ठरवून पांढऱ्या पाटीची गाडी महाबळेश्वरला नेणं वेगळं. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. मित्राची पिवळ्या पाटीची टॅक्सी चालवायची असेल, तर ६ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालामुळे साधा हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोंपर्यंतच्या वाहनाला चालतो. पण टॅक्सीचं परमिट आणि फिटनेस चालू आहेत ना, हे पाहा.

5. आरसी कोणाच्या नावावर आहे? सेकंड हँड घेतलेली गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर सावध व्हा. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, ओन डॅमेज जात नाही. त्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. उलट बाजूने, गाडी विकूनही आरटीओत नाव बदललं नसेल तर भरपाईच्या दाव्यात जुन्या मालकालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

कोणतं नुकसान कोण भरतं?

समजा, साडूच्या गाडीने तुम्ही साताऱ्याकडे निघालात आणि कात्रजजवळ एका स्कूटरला धडकलात. स्कूटरवाला जखमी झाला, त्याची स्कूटर मोडली, पुढे एका दुकानाचं शटर वाकलं, गाडीचा बंपर आणि हेडलाइट गेला, शेजारी बसलेल्या बायकोच्या हाताला लागलं आणि तुमच्या छातीला मार बसला. एकाच अपघाताचे हे पाच हिशोब आहेत.

- जखमी स्कूटरवाला : साडूच्या गाडीची विमा कंपनी. शारीरिक इजा आणि मृत्यू यांच्या भरपाईला पॉलिसीत कमाल मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम.
- स्कूटर आणि शटर : तीच कंपनी, पण कारसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. हप्त्यात शंभरेक रुपये वाचवायला काही जण ही मर्यादा फक्त ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. पॉलिसीत 'टीपीपीडी', म्हणजे तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसान, या नोंदीपुढचा आकडा वाचा. सहा हजारांच्या वरचं नुकसान मग मालकाच्या आणि तुमच्या खिशातून जाईल.
- साडूची गाडी : ओन डॅमेज चालू असेल तरच, आणि क्लेम साडूच्याच नावाने. १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १,००० आणि त्याहून मोठ्या कारला पहिले २,००० रुपये मालकाने सोसायचे असतात, यालाच 'डिडक्टिबल' म्हणतात. रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. 'झिरो डेप' घेतलेलं असेल तर घसाऱ्याचा प्रश्न येत नाही.
- शेजारी बसलेली व्यक्ती : पॅकेज पॉलिसी, म्हणजे बोलीभाषेतलं 'फुल इन्शुरन्स' असेल तर गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर खासगी गाडीतून फुकट नेलेल्या माणसासाठी कंपन्या हात वर करतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुचाकीवर मागे बसलेल्याच्या बाबतीत कंपनीचं म्हणणं मान्य केलं होतं.
- तुम्ही स्वतः : सगळ्यात कच्चा दुवा. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालक-चालकाचा असतो. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी येतो आणि त्यामुळे त्याच गाडीच्या विमा कंपनीपुढे तो तिऱ्हाईत ठरत नाही. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्या वाहनाच्या कंपनीकडे मागता येतं. चूक तुमचीच असेल तर घरच्यांच्या हाती त्या पॉलिसीतून काही पडण्याची आशा धरू नका.

यावर उपाय स्वस्तात आहेत. स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. गाडी कोणाचीही असो, ती तुमच्यासोबत येते. निदान बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना तरी घ्या : वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वर्षं वय आणि अपघाती मृत्यूला २ लाख. शिवाय मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या कोणत्याही जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. रुग्णालयात दाखल होताना तिची चौकशी करा.

चूक कोणाची, हे ठरवतं कोण?

तिघं जण, आपापल्या कामापुरतं.

- पोलीस गुन्ह्यापुरतं बघतात. निष्काळजीपणे चालवणं (भारतीय न्याय संहिता, कलम २८१) किंवा निष्काळजीपणे मृत्यूला कारण होणं (कलम १०६) हे गुन्हे चालवणाऱ्यावरच लागतात. विमा कंपनी तुमचा दंड भरत नाही आणि तुमच्याऐवजी शिक्षाही भोगत नाही.
- मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाईसाठी दोष वाटून देतं. पुण्यात हे काम शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात चालतं. "मोठ्या गाडीवाल्याचीच चूक" असा कायदा नाही. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने आलेल्या दुचाकीस्वाराचा दोष ठरला, तर त्याची भरपाई त्या प्रमाणात कमी होते. त्यासाठी पुरावा लागतो : डॅशकॅम, दुकानाचा सीसीटीव्ही, पंचनामा.
- विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीचं नुकसान आणि पॉलिसीच्या अटी पाहतो. ओन डॅमेजसाठी चूक कोणाची हे बहुतेक वेळा गौण असतं. तुमच्या चुकीने ठोकली तरी क्लेम मिळतो.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल आणि दोष सिद्ध करत बसायचं नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अनुक्रमे ५ लाख आणि अडीच लाख रुपये दोष न पाहता मिळतात. दोष सिद्ध करून पूर्ण भरपाई हवी असेल तर कलम १६६. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे. वकील शोधण्यात ती घालवू नका.

अपघात झाल्यावर, क्रमाने

1. गाडी थांबवा आणि जखमीला मदत मिळवून द्या : १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस. जमाव खवळला असेल तर कायदा तुम्हाला तिथेच थांबण्याची सक्ती करत नाही, पण मग थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. गाडी घेऊन घरी गेलात तर तो पळ ठरतो.
2. गाड्या हलवण्यापूर्वी फोटो आणि व्हिडिओ काढा : दोन्ही नंबर प्लेट, टायरच्या खुणा, सिग्नल, आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या. पाट्यांवरून पुढे सीसीटीव्ही शोधता येतो.
3. मालकाला लगेच फोन करा. विमा कंपनीला तो आणि तुम्ही दोघांनीही कळवायचं आहे. अपघाताची माहिती विमा कंपनीला देणं हे चालकाचंही कायदेशीर कर्तव्य आहे.
4. कोणाला इजा झाली असेल तर जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवा.
5. "दोन-तीन हजार घ्या आणि मिटवा" हे फक्त ओरखडा असेल तरच. समोरच्याला थोडंही लागलं असेल तर मिटवू नका. दोन दिवसांनी फ्रॅक्चर निघालं की तोंडी मिटवण्याला काही अर्थ राहत नाही.
6. सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी खोलू देऊ नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून चालू करू नका. त्याने इंजिन गेलं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा अनेक गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या होत्या. अशा गाडीला टोइंगच बरं.
7. क्लेम फॉर्मवर सही मालकाची आणि चालक म्हणून नाव तुमचं. तुमच्या परवान्याची प्रत सोबत जोडा.

क्लेम करावा की खिशातून भरावं?

क्लेम घेतला की मालकाचा 'नो क्लेम बोनस' (एनसीबी) शून्यावर येतो. हा बोनस मालकाचा असतो, म्हणून चूक तुमची आणि भुर्दंड त्याला, असं होतं. आकड्यात पाहा. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १६,००० रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के बोनस आहे. तो भरतो ८,०००. क्लेमनंतर बोनस पुन्हा ०, २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी चढतो. मूळ हप्ता तेवढाच धरला तर पुढची पाच वर्षं त्याला १६,०००, १२,८००, १२,०००, १०,४०० आणि ८,८०० भरावे लागतील. म्हणजे पाच वर्षांत जादा २०,००० रुपये. या मालकासाठी बारा-पंधरा हजारांची दुरुस्ती क्लेममध्ये टाकणं तोट्याचं आहे. मागून नेणाऱ्याने ती गुपचूप भरून टाकावी. दुरुस्ती लाखाची असेल तर क्लेम करा आणि बोनसची तूट मालकाला स्वतःहून द्या. 'एनसीबी प्रोटेक्ट' घेतलेलं असेल तर त्याच्या अटी पाहून ठरवा.

हमखास होणाऱ्या चुका

- चालक बदलणं. "परवाना त्याचा संपलाय, मीच चालवत होतो असं सांगू." चौकाचौकांत कॅमेरे आहेत, मोबाइलचं लोकेशन आहे. खोटं उघड झालं की क्लेम जातोच, वर खोटी माहिती दिल्याचा नवा गुन्हा अंगावर येतो. पुण्यात १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातात दोन तरुण अभियंते गेले. त्यानंतर गाडी असलेल्या कुटुंबाच्या पगारी चालकावर गुन्हा स्वतःच्या अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याच्या आरोपावरून स्वतंत्र गुन्हा दाखल झाला.
- अल्पवयीनाच्या हाती गाडी. त्याच प्रकरणात गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि वडिलांवरही गुन्हा दाखल झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही.
- दारू. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर ओन डॅमेज विसरा.
- "परवाना आहे ना रे?" एवढंच विचारणं. परवाना नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला वेगळा ५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला सांगतं, "जखमीला आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा." परवाना डोळ्यांनी पाहिल्याचं मालकाला दाखवता आलं तर त्याची बाजू भक्कम होते, कारण खोट्या परवान्याच्या प्रकरणात मालकाची बेपर्वाई कंपनीने सिद्ध करायची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं आहे.
- ई-चलान विसरणं. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर घाटात कारला ताशी ६० आणि सपाटीवर १०० ची मर्यादा आहे. कॅमेऱ्याने टिपलं की मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो. गाडी परत केल्यावर महिनाभराने तरी त्याला विचारा.

कंपनीने क्लेम नाकारला तर

- कारण लेखी मागा. फोनवरचा "रिजेक्ट झालाय" हा निरोप मानू नका.
- पीयूसी संपली होती एवढ्याच कारणाने अपघाताचा क्लेम नाकारता येत नाही, असं विमा नियामकाने स्पष्ट केलं आहे.
- अटीचा भंग झाला असला तरी पूर्ण नकार योग्यच असतो असं नाही. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये काही रक्कम कापून क्लेम 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने द्यायला लावला. अर्जात हा शब्द वापरून तशी मागणी करा.
- आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. तक्रार पॉलिसीधारकाने, म्हणजे गाडीमालकाने करायची. नियामकाची हेल्पलाइन १५५२५५.
- तो मार्ग नको असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं.
- न्यायाधिकरणाची नोटीस आली तर "विमा कंपनी बघेल" म्हणून घरात ठेवू नका. हजर राहा आणि पॉलिसी व परवाना दाखल करा. तुम्ही गेलाच नाहीत तर परवाना वैध होता हे सांगायला तिथे कोणीच नसतं.

गाडी देणाऱ्या मालकांसाठी

नात्यात आणि मैत्रीत हे बोलायला संकोच वाटतो, पण किल्ली देतानाच चार ओळींचा मेसेज टाका : गाडी कधी ते कधी, चालवणार कोण, त्याच्या परवान्याचा फोटो, आणि ठोकली तर डिडक्टिबल, घसारा, बोनसची तूट आणि चलान नेणाऱ्याने भरायचं. नेणाऱ्याने "ठीक आहे" एवढं लिहिलं की पुढचा वाद टळतो आणि परवानगीचा पुरावाही आपोआप तयार होतो. एवढं लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर त्या दोन दिवसांसाठी त्याला काळ्या पाटीची भाड्याची गाडी सुचवा.